हवेची पाणसळ

माझ्या गॅरेजात ग्रीसच्या डब्यांच्या वर एक फळी आहे. त्या फळीवर शंभर सीसी मोटरसायकलचं एक सिलिंडर हेड वीस वर्षांपासून पडून आहे. विकत नाही, भंगारातही देत नाही. त्याच्या इनलेट पोर्टात, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बोळात, बोट घातलं तर बोट घसरतं. टॉर्च मारली तर उजेड उलटा तोंडावर येतो. पंचविशीत असताना ते मी स्वतः घासलं होतं. तीन रात्री लागल्या. आधी हातातला ग्राइंडर, मग पॉलिश पेपर, शेवटी ब्रासो. दिवाळीला घासलेल्या तांब्यासारखं ते चमकलं तेव्हा वाटलं, इंजिनाची नाडी आपल्याला सापडली.

हेड माझ्याच गाडीवर चढवलं. गाडी सुरू झाली, आवाजही भारदस्त आला. पण मागे धानाचा कट्टा टाकून निघालो, तर नाल्याच्या पुलाच्या चढालाच दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायला लागली. आधी हाच चढ ती तिसऱ्यावर काढायची. भरपूर रेस दिली की थोडी पळायची, पण खालची ओढ पार गेली होती. चौकातल्या चहावाल्याने विचारलं, "का जी मिस्त्री, गाडी सुधरवली का बिघडवली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळायला बारा-तेरा वर्षं गेली, आणि मिळालं ते एका गवंड्याच्या नळीतून.

चहाच्या कपाएवढा श्वास

गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो. हिशेब केला तर ती पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा. पेट्रोल वाढवायचं तर कार्ब्युरेटरचा जेट मोठा टाकला की झालं. हवेचं तसं नसतं. साध्या मोटरसायकलला हवा ढकलणारा पंप नाही. पिस्टन खाली जातो, सिलिंडरात पोकळी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने जेवढी हवा आत शिरेल तेवढीच आपली.

आमच्या चंद्रपूरकडच्या पोंभुर्ण्यात घरोघरी दिसणारी जुनी हिरो होंडा स्प्लेंडर घ्या. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९.५, आतली जागा ९७.२ सीसी. चहाचा एक कप समजा. मिनिटाला ८,००० फेऱ्या झाल्या तर हे फोर-स्ट्रोक इंजिन ४,००० श्वास घेतं. प्रत्येक श्वास पुरा भरला तर मिनिटाला ३८९ लिटर हवा झाली, म्हणजे दोनशे लिटरचे जवळपास दोन ड्रम. आणि एका श्वासाला पिस्टन वरून खाली येतो तो पावणेचार मिलीसेकंदांत. एवढ्या घाईत हवेला पोर्टाच्या बोळातून यायचं असतं, एकदम खाली वळायचं असतं आणि व्हॉल्व्हच्या कडेच्या फटीतून आत घुसायचं असतं. वाटेत ती जिथे अडखळेल तिथे श्वास तोकडा पडतो.

हा बोळ घासून, त्याला आकार देऊन हवेची वाट मोकळी करायची, याला पोर्टिंग म्हणतात. कारखान्यात हेड ओतून बनतं. ओतकामाची शिवण, यंत्राने कापलेला भाग आणि ओतीव भाग जुळतो तिथली पायरी, हे सगळं आत राहून जातं. त्यामुळे सुधारायला जागा असतेच. फक्त ती नेमकी कुठे आहे, हे डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला कळत नाही. माझी चूक तिथेच झाली होती. मी डोळ्याला आवडेल असं घासलं. हवेला काय आवडतं हे तिला विचारलंच नाही.

गवंड्याची नळी

शेजारी घराच्या जोत्याचं काम चालू होतं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघत होता. आपली पाणसळच ती. नळीची दोन टोकं कितीही लांब न्या, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर राहतं. त्याच्या हाताखालचा पोरगा गंमत म्हणून एका टोकाला तोंड लावून ओढत होता आणि पाणी त्याच्या बाजूला चढत होतं. जोरात ओढलं की वीतभर, हळू ओढलं की चार बोटं. मी हातातला पाना खाली ठेवून बघत राहिलो. म्हणजे ओढ मोजता येते! पट्टी लावली की तिचा आकडाही मिळतो.

अशी ओढ लावून हवा मोजणारं यंत्र जगात फार आधीपासून होतं. त्याला फ्लो बेंच म्हणतात. इंग्लंडमध्ये हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) नावाच्या गृहस्थांनी हेडमधून हवा ओढून मोजण्यावर आख्खं आयुष्य घालवलं. १९३५च्या एसएस जॅग्वार गाडीच्या इंजिनाचं हेड त्यांच्या हातचं. १९६७ साली डॅन गर्नी या शर्यतपटूने बेल्जियन ग्रां प्री जिंकली, ती ज्या व्ही-१२ इंजिनावर, त्यालाही वेस्लेकचं नाव होतं. आज मोठ्या कंपन्यांकडे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थांकडे इंजिनं तपासायची महागडी यंत्रसामग्री असते. पण फ्लो बेंचच्या पोटात तत्त्व एकच आहे आणि ते गवंड्याच्या नळीत मावतं.

माझा बेंच असा आहे. प्लायवूडची पेटी, तिचे एकावर एक दोन कप्पे. वरच्या कप्प्याच्या झाकणावर जुन्या स्प्लेंडरची स्लीव्ह उभी बसवली आहे, तिच्यावर हेड ठेवायचं. स्लीव्ह मुद्दाम त्याच व्यासाची घेतली, कारण सिलिंडरची भिंत व्हॉल्व्हच्या कडेला खेटून असते आणि तीही हवा अडवते. दोन कप्प्यांच्या मधल्या फळीत पातळ पत्रा, त्या पत्र्याला लेथवर काटेकोर पाडलेलं २५ मिलिमीटरचं भोक. खालच्या कप्प्याला व्हॅक्यूम क्लीनर. तो सुरू केला की हवा पोर्टाच्या तोंडातून येते, व्हॉल्व्हच्या फटीतून स्लीव्हमध्ये उतरते, पत्र्याच्या भोकातून खाली जाते आणि क्लीनरमधून बाहेर पडते.

आता दोन नळ्या. पहिली सांगते, हेडच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक किती. दुसरी सांगते, पत्र्याच्या भोकाच्या अलीकडे-पलीकडे किती. पहिली म्हणजे आपण लावलेली ओढ. दुसरीवरून कळतं, प्रत्यक्ष हवा किती गेली. भोकाचं माप ठाऊक असलं की हवेचा हिशेब मांडता येतो. दुसरी नळी मी तिरकी ठेवली आहे, कारण उभ्या नळीत पाणी केसभर हललं तर दिसत नाही. तिरक्या नळीत तेच बोटभर सरकतं. पट्टी बांबूच्या कामटीची, पाण्यात कपड्याची नीळ.

पहिल्या दिवशीच फजिती झाली. नळी आखूड होती. क्लीनर सुरू करताच निळं पाणी सुर्रकन पेटीत गेलं, तिथून मोटारीत, आणि मोटार जळाली. चंद्रपूरच्या भंगारातून दुसरा क्लीनर आणावा लागला. तेव्हापासून नळी मीटरभर उंच.

आकडे कसे घ्यायचे

ओढ किती लावायची याचा जगभर एक रिवाज पडलाय. पाण्याचा फरक २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. हवेच्या एकूण दाबाचा हा जेमतेम पंधरावा हिस्सा, पण तेवढ्याने हवा फटीतून सेकंदाला सुमारे १०८ मीटर वेगाने धावू शकते. ताशी ३८० किलोमीटरच्या वर. माझ्या क्लीनरला तेवढी ताकद नाही, म्हणून मी १० इंचांवर काम करतो. तिथेही वेग सेकंदाला ६४ मीटर पडतो. दहा इंचांचा आकडा अठ्ठावीसवर न्यायचा तर २.८ पट होत नाही. टाकी चौपट उंच केली तर तोटीच्या पाण्याचा वेग दुप्पटच होतो, तसा इथे वर्गमुळाचा हिशेब आहे. गुणक येतो १.६७. माझ्या २५ मिलिमीटरच्या भोकातून दहा इंचांच्या फरकाला मिनिटाला साधारण १,१४० लिटर हवा जाते, अठ्ठावीसला १,९०० लिटर.

आधी हेडच्या जागी कोरी पट्टी ठेवून पेटी गळते का ते बघायचं. गळत असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे. मग पोर्टाच्या तोंडाशी गोलसर काठ द्यायचा. तीक्ष्ण कडेवर हवा फाटते आणि खापर बिचाऱ्या पोर्टावर फुटतं. पहिल्यांदा मी अंधारी नदीकाठची माती लावली, ती वाळून तडकली. मग घरातली कणीक लावली. "अहो, पोळ्या कशाच्या करू?" असं आतून आल्यावर पोरांच्या खेळण्यातली रंगीत माती आणली. ती उत्तम.

व्हॉल्व्हची मूळ स्प्रिंग काढून हलकी बसवायची आणि वरून बोल्टने व्हॉल्व्ह दाबायचा. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचा आटा एक मिलिमीटरचा असतो. एक पूर्ण फेरी फिरवली की व्हॉल्व्ह बरोबर एक मिलिमीटर उघडतो. डायल गेज नसलं तरी अडत नाही. एक, दोन, तीन असं सातपर्यंत जायचं. दर वेळी पहिली नळी दहा इंचांवर आणायची आणि दुसरीचा आकडा वहीत लिहायचा. आमच्याकडे व्होल्टेज कधी दोनशे, कधी एकशे ऐंशी, तशी क्लीनरची ओढ बदलते. म्हणून पेटीला एक झडप ठेवली आहे. ती कमीजास्त उघडून पाणी खुणेवर आणायचं, मग वाचायचं. नळीकडे टक लावून बसलो की कोणीतरी विचारतंच, "का जी मिस्त्री, इंजिनाचा बीपी तपासता का?" प्रश्न अगदी चुकीचा नाही.

हवा तीच असली की तुलना खरी ठरते. मे महिन्यात पारा ४७ वर जातो तेव्हा हवा जानेवारीच्या १५ अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे एक-दशांश विरळ असते. उन्हाळ्यात गाडी मंद वाटते ती यामुळेच. म्हणून आधीचं आणि नंतरचं, दोन्ही हेड एकाच बैठकीत मोजायची.

बोडीची मोरी

बेंच तयार झाल्यावर सगळ्यात आधी फळीवरचं ते चकचकीत हेड खाली काढलं. शेजारी त्याच जातीचं, हात न लावलेलं हेड ठेवलं. दोघांचे आकडे वहीत समोरासमोर लिहिले.

पाच मिलिमीटरच्या पुढे माझं हेड थोडी जास्त हवा देत होतं. एक ते तीनपर्यंत मात्र ते मूळ हेडपेक्षा जास्त तर नाहीच, थोडं कमीच देत होतं. तीन रात्रींची मेहनत आणि हाती वजाबाकी.

धान पिकवणाऱ्या माणसाला याचं कारण लगेच कळेल. शेताच्या वर बोडी, म्हणजे छोटं तळं असतं, तिला मोरी असते, मोरीतून पाटात पाणी पडतं. मोरी दोन बोटं उघडी असेल तर पाट कितीही रुंद करा, पाणी तेवढंच येणार. इंजिनातली मोरी म्हणजे व्हॉल्व्ह. तो थोडा उघडा असतो तेव्हा सगळ्यात अरुंद जागा म्हणजे व्हॉल्व्ह आणि सीट, म्हणजे तो टेकतो ती कडा, यांच्यातली फट. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या एक चतुर्थांश इतका तो उघडला की त्या गोल फटीचं क्षेत्रफळ आणि व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्रफळ सारखं होतं. व्हॉल्व्ह २४ मिलिमीटरचा असेल तर सहा मिलिमीटरला. तिथून पुढे पोर्टाची मापं बोलायला लागतात. व्हॉल्व्ह उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळा कमी उंचीतून जातो. तो जेमतेम क्षणभर पूर्ण उघडा असतो. मी पाट रुंद केला होता आणि घासताना मोरीची कडाच गोल करून टाकली होती.

मग खालची ओढ का गेली? पिस्टन तळाला जाऊन वर फिरला तरी इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच ठेवलेला असतो. वेगाने येणारी हवा स्वतःच्या रेट्याने तोवर आत शिरत राहते. बोळ रुंद केला की तेवढीच हवा सावकाश येते. तिच्यात रेटा उरत नाही आणि कमी फेऱ्यांवर पिस्टन तिला उलटी बाहेर लोटतो. सावकाश हवेत पेट्रोलचे थेंबही तरंगत नाहीत, ते भिंतीला चिकटतात. आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवरून ते ओघळतात. इनलेटची भिंत किंचित खरबरीत असलेली बरी. पॉलिश करायचंच तर एक्झॉस्टला करावं, तिथे काजळी कमी धरते.

हे बेंच स्वतःहून सांगत नाही. बेंचवर हवा एकसारखी वाहते, इंजिनात ती झटक्या-झटक्याने येते. म्हणून मी आता सिरिंजने पोर्टात रॉकेल भरून त्याचं आकारमानही मोजतो. हवा वाढली आणि आकारमान फारसं वाढलं नाही, तर काम चांगलं झालं. दोन्ही वाढली, तर संशय धरायचा.

कुठे घासायचं

हवा कुठे अडखळते हे शोधायला सायकलच्या स्पोकला दोरा बांधून पोर्टात धरतो. हवा सरळ असली तर दोरा ताठ राहतो, फाटली असली तर फडफडतो. बहुतेक वेळा तो फडफडतो पोर्टाच्या तळाशी, जिथे बोळ एकदम व्हॉल्व्हकडे वळतो तिथे. अंधारीच्या वळणावर बघा, आतल्या काठाला पाणी मंद होऊन वाळू साचते. हवेचंही तसंच होतं. वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर ती भिंत सोडते आणि बोळाचा तेवढा भाग वाया जातो. हा कोपरा खोल करायचा नसतो, त्याची धार फक्त नितळ गोल करायची. दुसरी जागा व्हॉल्व्ह गाइडचा उंचवटा, तिसरी सीटखालची पायरी.

आणि सगळ्यात कमी खर्चात जास्त देणारी जागा म्हणजे सीट. ४५ अंशांची, सव्वा-दीड मिलिमीटर रुंदीची बैठक, तिच्या वर ३० अंशांचा आणि खाली ६० अंशांचा छेद. हवा तीन पायऱ्यांनी वळते. मूल-चंद्रपूरकडचा चांगला लेथवाला हे करून देतो. माझ्या वहीत कमी उंचीवरचे आकडे पोर्ट घासण्यापेक्षा नीट सीट कापल्याने जास्त हलले आहेत.

सावध राहण्याच्या गोष्टी

शेतातल्या डिझेल इंजिनाला हे प्रयोग करू नका. बऱ्याच डिझेल इंजिनांचा पोर्ट मुद्दाम वाकडा ठेवलेला असतो. हवा सिलिंडरात भोवऱ्यासारखी फिरावी आणि डिझेल तिच्यात मिसळावं म्हणून. तो वाकडेपणा घालवला तर बेंचवर हवा वाढलेली दिसते आणि शेतात काळा धूर निघतो.

रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन मूळ तपशिलापेक्षा वेगळं करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हेही पोरांना सांगतो. हौस असेल तर शर्यतीच्या मैदानावर फेडावी. अभियांत्रिकीची मुलं कोईम्बतूरला फॉर्म्युला भारत स्पर्धेत गाड्या उतरवतात. तिथे पेट्रोल इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून घ्यावी लागते. त्यातून सेकंदाला फार तर ७४ ग्रॅम हवा जाते, कारण भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला टेकला की ओढ कितीही वाढवा, ती पुढे सरकत नाही. सगळ्यांना मोरी सारखीच. जिंकतो तो पाट नीट बांधणारा.

मग पोंभुर्ण्यासारख्या गावात या पेटीचा उपयोग काय? माझ्याकडे शर्यतवाले येत नाहीत. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलवाटांवर राबणाऱ्या, धानाचे कट्टे वाहणाऱ्या गाड्या येतात. त्यांचे व्हॉल्व्ह तीन-चारदा इमरी पेस्टने घासलेले असतात. दर वेळी सीट रुंद होते, व्हॉल्व्ह खड्ड्यात बसतो, आणि फट तेवढीच उघडूनही हवा कमी जाते. मालक म्हणतो, रिंगा गेल्या, बोर करून टाका. मी आधी हेड पेटीवर ठेवतो. बरेचदा सीट कापून, गरज असेल तर व्हॉल्व्ह नवा टाकून काम भागतं आणि बोरिंगचा खर्च वाचतो.

म्हणून तुमची गाडी हेडकामाला द्याल तेव्हा मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा. सीट किती रुंद ठेवणार, आणि व्हॉल्व्ह किती खाली बसलाय? पोर्ट चमकवून देतो म्हणाला, तर हेड उचला आणि घरी चला.